पहिली फाइल

"मावशी, मला नाही जमणार," ठकी दारातूनच म्हणाली. "उद्या पाटी लागायचीय आणि माझ्या पोटात नुसता गोळा आलाय."

मावशीनं शब्दकोड्यावरून मान वर केली. सात वर्षं मोठ्या इस्पितळात समुपदेशक म्हणून काम केलेली ही तिची भाची. लोकांच्या मनातली भीती घालवायची हाच हिचा धंदा. आणि स्वतःचा दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी बाईसाहेब अशा पांढऱ्याफटक! मावशीला हसूही आलं आणि कीवही.

"इतकी माणसं बरी केलीस ना गं तू?"

"तिथे शेजारच्या खोलीत मोठे डॉक्टर असायचे. इथे मी एकटी. तू येऊन बसशील बाहेरच्या खोलीत? तू आहेस एवढं माहीत असलं तरी मला धीर येईल."

"मी? अगं, माझे गुडघे..."

हल्ली गुडघे मावशीच्या फार उपयोगी पडायचे. दूध, भाजी, औषधं सगळं दारात येत होतं. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपलेली, गेल्या वर्षी नवरा गेलेला. अशा बाईला जायचं तरी कुठे असतं?

"आठवडाभरच," ठकीचे डोळे भरून आले. "तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

आता हिला नाही कसं म्हणणार, कपाळ!

स्टेशनाजवळ चांगली जागा मिळत असताना ठकीनं दवाखान्यासाठी मावशीच्या घरासमोरची जागा घेतली होती. रस्त्यापलीकडे, चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. घाबरट पोर ती घाबरटच, मावशी मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी हातात हात घालून रस्ता ओलांडला. कोण कुणाला धरून चाललं होतं, सांगणं कठीण होतं.

"मी आहे ना," मावशी म्हणाली, जरा मोठ्यानंच.

बाहेरच्या खोलीत टेबल, खुर्ची आणि कोऱ्या फायलींचा गठ्ठा होता. "तुझं अक्षर सुरेख आहे, नंबर तूच घाल," ठकी म्हणाली. "उपचार संपले की तारीख लिहून फाइल खालच्या कप्प्यात. आणि सुरुवात दोनपासून कर. पहिली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

"म्हणजे पहिला पेशंट मिळालासुद्धा?"

"मिळाला. पण अवघड आहे. टिकेल की नाही, कुणास ठाऊक."

अच्छा! म्हणजे त्या पेशंटनं पोरीचा धीर खचवलाय तर. मावशीनं पुन्हा तो विषय काढला नाही. मनातल्या मनात त्या पेशंटला चार शिव्या मात्र हासडल्या.

आठवड्याचे दोन आठवडे झाले. ठकीची भीती काही हटेना, आणि तिच्या फर्माइशीही थांबेनात. बोलताना घसा कोरडा पडतो, खालून लिंबाच्या गोळ्या आण. छातीत धडधडतंय, कोपऱ्यावरच्या दुकानातून तेवढा शिक्का घेऊन ये ना. पहिल्यांदा मावशी एकटी खाली गेली तेव्हा कठडा घट्ट धरून, घामाघूम होऊन वर आली. पाहते तर ठकी जिन्यातच उभी.

"एवढा जीव टांगणीला लागतो तर स्वतः का नाही गेलीस?" मावशी फणकारली.

"भीती वाटते गं."

"धन्य आहे तुझी! मलाच तपास आता, म्हणजे या जिन्याची धास्ती तरी जाईल."

"नात्यातल्यांना नाही तपासत आम्ही," ठकी हसून म्हणाली.

महिन्याभरानं ठकी मावशीला न्यायला न येता सकाळी लवकर परस्पर दवाखान्यात जायला लागली आणि मावशी एकटीच रस्ता ओलांडू लागली. पोरीला वेळेवर चहा कोण देणार? पेशंट वाढत होते. अपघातानंतर स्टिअरिंगला हात न लावणारा एक बसचालक नऊ नंबरच्या फाइलचा धनी होता. एक दिवस तोच म्हणाला, "मावशी, परवापासून ड्यूटीवर चाललोय. माझ्या बसमधून या एकदा." आणि मावशी खरंच गेली. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आली. खिडकीतून सगळं गाव नव्यानं बघितलं, आणि तिला यजमानांची आठवण आली तरी रडू आलं नाही.

सहा महिन्यांनी ठकीच्या वहीत रिकामी वेळ शोधून सापडेना.

"मावशी, आता मला भीती नाही वाटत," ती म्हणाली. "तू होतीस म्हणून झालं हे सगळं."

मावशीनं तिला जवळ घेतलं. "वेडे, आभार मी मानायला हवेत. घरात बसून गंजून गेले असते बघ. तुझ्या भीतीनं मला माणसांत आणलं." मग तिनं डोळे पुसले. "आणि तो तुझा पहिला पेशंट? त्याचं काय झालं?"

ठकीनं ड्रॉवर उघडून फाइल काढली. "बरा झाला. तारीख घाल आणि ठेव खालच्या कप्प्यात. तुझ्याच हातानं."

मावशीनं चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि फाइल उघडली. आत एकच कागद होता. त्यावरची तारीख पाटी लागण्याच्या दोन दिवस आधीची होती.

'वय एकसष्ट. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. पती गेल्यापासून दहा महिने घराबाहेर पाऊल नाही. विचारलं की गुडघे सांगते. नात्यातली आहे, त्यामुळे मी उपचार करू शकत नाही. उद्यापासून मी घाबरायचं ठरवलं आहे.'