शांततेचा पाठ

गोवरातून उठलेली बनी आज कुठे पंचवटीच्या बालमंदिरात आली होती, आणि नेमका आजच तिच्या आईचा, अनसूयाबाईंचा, परीक्षेचा पाठ. एकोणीसशे सदतीस सालच्या विधवेला बालशिक्षिकेची सनद म्हणजे हक्काची भाकरी.

खेळ शांततेचा. मुलांनी डोळे मिटून बसायचं. बाईंनी मागून हळूच नाव घेतलं की उठून चवड्यांवर त्यांच्याकडे जायचं. चौदा मुलं गेली. बनी एकटीच उरली.

“बने...” अनसूयाबाई जवळ आल्या. “अगं बने!” शेवटी तिच्या कानाशी ओरडल्या. बनी मिटल्या डोळ्यांनी, गालात हसत, आपल्या नावाची वाट बघत बसली होती.



परीक्षकांनी खूश होऊन पूर्ण गुण दिले. “एवढं ओरडूनही पोर हलली नाही. बाई, शांतता शिकवावी ती तुम्हीच!”