चाचणीचं बटण

फिओर्डलंडच्या डोंगरात हरणामागे धावताना रेवी कड्यावरून कोसळला आणि मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. टामाटीनं बंदुकीचा पट्टा आवळला, तरी मेहुण्याचं रक्त थांबेना. त्यानं हेलिकॉप्टर बोलावणारं पिवळं बीकन काढलं, बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी मेली होती. चाचणी वर्षातून एकदाच, नाहीतर बॅटरी उतरते, असं त्यावर छापलेलंच होतं, पण प्रत्येक शिकारीआधी बायको दार अडवून उभी राहायची, "आधी वाजवून दाखव, मगच माझ्या भावाला ने." तो हसत चाचणीचं बटण दाबून 'पीप' वाजवायचा. "दाजी, बीकन लागलं का?" रेवीनं डोळे मिटूनच विचारलं, "की ताईला दाखवण्यापुरतंच खेळणं ते?" टामाटीनं बीकन त्याच्या कानाशी धरलं आणि ओठांच्या फटीतून बारीक आवाज काढला, "पीप." रेवी हसला. त्याचा हात गार पडला, तरी टामाटी वाजवतच राहिला.