हातमोज्यात सुचलेलं वाक्य

रबरी हातमोज्यातलं बोट या फोनला बोट वाटतच नाही. त्यात तोंडावर मास्क, म्हणून तो चेहराही ओळखत नाही. प्रयोगशाळेत दिवसभर अशा वेशात वावरणाऱ्या तिला नेमकं तेव्हाच सगळं सुचायचं.

तिला एकच वाक्य जमवायचं होतं, सरांना सांगण्यासाठी. सगळं काम तिचं, पण आधीच्या दोन्ही शोधनिबंधांवर सरांच्या भाच्याचं नाव तिच्या वर लागलं होतं आणि तिसरा आज पाठवायचा होता. हातमोजे ओढून काढून, हात धुऊन, पासवर्ड टाकेपर्यंत सुचलेलं पार उडून जायचं.

आजही तेच. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं आणि ती टेबलावरचा फोन कोपराने उघडायची धडपड करत होती.

"मेला हा फोन!" ती करवादली.

"अगं, त्या बिचाऱ्यावर काय डाफरतेस?" मागून सर आले. "काही लिहून ठेवायचंय का?"

"हो ना. आत्ता सुचलंय, मग विसरेन."

"मग आधी सांगायचं नाही का, वेडाबाई! पासवर्ड बोल." सरांनी फोन उचलून उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठा सरसावला. "हं, सांग. एक शब्द गाळणार नाही."

तिने घसा खाकरला.



"लिहा सर, या निबंधावर पहिलं नाव माझंच लागणार."