चाखलेली बिस्किटं

"साखर अठ्ठावीस," डॉक्टर म्हणाली आणि तिने मीटर टेबलावर ठेवलं. "कुत्र्याची निदान सत्तरच्या वर हवी."

स्टीलच्या टेबलावर मिरी आडवी पडली होती. काळीभोर, आठ किलोची कुत्री. तासाभरापूर्वी ती घरभर झोकांड्या खात फिरत होती, मग पाय ताणून थरथरायला लागली. जावयाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत घातलं. मागच्या सीटवर आप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि रस्ताभर जावयाच्या मानेकडे रोखून बघत राहिले. शेजारी आप्पांची बायको डबा पोटाशी धरून बसली होती. मिरीला भूक लागली तर हवीत म्हणून तिने बिस्किटं बरोबर घेतली होती.

डॉक्टरने मिरीच्या पुढच्या पायात सुई घालून ग्लुकोज सुरू केलं. "मी वरून ओततेय, पण आत काहीतरी ते संपवतंय. काय ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येणार नाही. सकाळपासून हिच्या पोटात काय काय गेलं?"

"यांना विचारा," आप्पा म्हणाले. "जावईबापू काल हिच्यासाठी खाऊचं चकचकीत पाकीट घेऊन आले. नऊ वर्षांत आमच्याकडे हिच्यासाठी बाहेरचा तुकडा आला नव्हता."

"आप्पा, अहो दोनच कांड्या दिल्या मी. आणि दुकान चांगलं आहे."

"दुकान चांगलं असेल हो. आतला माल कुणी चाखला होता का?"

आप्पांनी सदतीस वर्षं चहाच्या कंपनीत चव घेण्याचं काम केलं होतं. पत्तीला गोदामात ओल लागली असेल, तर घोटभर चहा तोंडात घोळवून ते सांगायचे. निवृत्तीनंतर ती जीभ मिरीच्या सेवेला लागली. बायको ओट्स, शेंगदाणे आणि थोडी साखर घालून बिस्किटं भाजायची. प्रत्येक ट्रेमधलं पहिलं बिस्किट आप्पा खायचे, खात्री पटावी म्हणून दुसरं, आणि मग कसलंही कारण न देता तिसरं. दाणा जरा खवट लागला की अख्खा ट्रे कचऱ्यात. माणसाच्या तोंडात जाणार नाही ते मिरीच्या तोंडात जाणार नाही, हा घरचा कायदा होता. बायको कधी कधी म्हणायची, "माझ्या भाजीला एवढे मार्क कधी दिले नाहीत तुम्ही."

जावयाने खिशातून पाकीट काढून पुढे केलं. डॉक्टरने ते दिव्याखाली धरून मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली.

"कोंबडीचं मांस, बटाट्याचं पीठ, माशाचं तेल. तारीख आहे, बॅच नंबर आहे. साखर इतकी खाली आणेल असं यात काही नाही."

"छापायला काय जातंय?" आप्पा म्हणाले.

मिरीचा मागचा पाय एकदम ताठ झाला. डॉक्टरने तिच्या कानाच्या कडेला पुन्हा सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला.

"एकतीस. एवढं ग्लुकोज गेलं, तरी एकतीस. अजून काय खाल्लं हिने? पटपट आठवा."

"आमची बिस्किटं. आज सकाळीच भाजलेली, चार-पाच. ती सोडा, ती मी स्वतः खाल्लीत." आप्पांनी बायकोच्या हातातून डबा घेतला, एक बिस्किट काढून सगळ्यांसमोर कडाकडा चावलं. "हे बघा. झालं का मला काही?"

डॉक्टरने आप्पांकडे पाहिलंच नाही. डब्यातला एक तुकडा उचलून तिने जिभेच्या टोकावर ठेवला आणि थांबली.

"गोड आहे. आणि मागून जीभ गार पडते. तुम्हाला जाणवलं?"

"न जाणवायला काय झालं? सकाळीच जाणवलं. हिला म्हटलंसुद्धा, आज छान जमलीत तुला."

"साखरेऐवजी वापरायची एक पांढरी पूड मिळते. झायलिटॉल. दिसायला साखर, चवीला साखर, फक्त जिभेला गारवा देते. माणसाला ती चालते. कुत्र्याचं शरीर मात्र फसतं. खरी साखर आली असं समजून इन्सुलिन सोडत सुटतं. रक्तातली साखर तळाला जाते, आणि मग यकृताची पाळी. तुम्ही चार बिस्किटं खाल्लीत तरी ठणठणीत राहाल. हिला दोन पुरतात."

ग्लुकोजच्या नळीत थेंब पडत होते. जावयाने पाकीट परत घेऊन हळूच खिशात सरकवलं.

"वेळेत आणलंय तुम्ही," डॉक्टर म्हणाली. "तीच पूड आहे हे नक्की कळलं, तर ग्लुकोज वाढवून यकृताचं औषध आत्ता सुरू करते. पण नक्की सांगा. आहे का तीच?"

"छे! आमच्या घरात असलं काही येत नाही," आप्पा म्हणाले. "माझी जीभ काय आज काम करायला लागली? सांग गं यांना."

बायकोने मिरीच्या पंजावर हात ठेवला होता. तो तिने काढला नाही.

"तीच आहे, डॉक्टर. सुरू करा," ती म्हणाली. मग आप्पांकडे वळली. "मागच्या आठवड्यात तुमच्या रक्तातली साखर तीनशे आली. बिस्किटं चाखू नका म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?"