यादीतले कपाट

कपाटाची दारे आणि फळ्या खाली गेल्या होत्या. आता भिंतीशी उभी होती फक्त त्याची पाठ, आणि तिच्यावर वाएलचा टीव्ही. सुतार उस्ता शहाताने पाना बोल्टवर टेकवला.

हे कपाट चार वर्षांपूर्वी त्यानेच बनवले होते, दमिएत्तातल्या आपल्या कारखान्यात, लेक नजलाच्या लग्नासाठी. या घराच्या भिंती पोकळ विटांच्या होत्या. त्यांच्यावर टीव्हीचा भार टाकणे त्याला पटले नव्हते. म्हणून त्याने कपाटालाच जाड लाकडाची पाठ दिली आणि टीव्हीचा लोखंडी आधार तिच्यात आरपार बोल्ट घालून बसवला.

तिच्या आणि वाएलच्या घटस्फोटाला अकरा दिवस झाले होते. लग्नात वाएलने सही करून दिलेल्या सामानाच्या यादीतली प्रत्येक वस्तू आता नजलाची होती. गालिचा, गाद्या, दिवाण, टेबल, सगळे सकाळपासून हमालांनी गाडीत भरले होते. राहिले होते एवढे कपाट आणि नजलाची सही. सामान मिळाल्याची सही तिने वर, घरात येऊनच करायची, ही अट वाएलने वकिलांसमोर घातली होती. त्याशिवाय गाडी गल्लीतून हलणार नव्हती.

नजला खाली ड्रायव्हरशेजारी बसली होती. सकाळपासून दोनदा ती जिना चढली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या मजल्यावरून परतली. रमजानमध्ये याच खोलीत वाएलने तिचे मनगट पिरगळून मोडले होते. त्याआधीच्या हिवाळ्यात जबडा. तिला इथे पाऊल टाकणे जमणार नाही, हे अट घालताना वाएलला ठाऊक होते.

"काय उस्ता, लेक येतेय ना वर?" दाराला टेकून त्याने विचारले. "की गाडीतच बिया सोलत बसणार? तुमचं लाकूड घट्ट हो, पण लेकीचे पाय फार लटपटतात."

उस्ताने मान वर केली नाही. गेले चार महिने पटाशीला धार लावताना त्याच्या डोळ्यांसमोर लाकूड नसे.

टीव्ही यादीत नव्हता. तो वाएलने गेल्या वर्षी आणला होता, पासष्ट इंची. सामन्याच्या दिवशी अख्खी इमारत त्याच्यासमोर जमत असे. कपाट खुशाल न्या, वाएल म्हणाला, पण टीव्हीला एक ओरखडा आला तर थेट पोलिसात जाईन. बरोबर आहे, उस्ता म्हणाला, टीव्ही त्याचा, तेव्हा उतरवून घ्यायचा तोही त्यानेच. वाएलने हमालांकडे पाहिले. यादीबाहेरच्या वस्तूला ते शिवणार नाहीत, तसे वकिलांसमोर ठरलेच होते, याची उस्ताने त्याला आठवण करून दिली.

वाएलने बाह्या सरसावल्या आणि टीव्ही कवेत घेतला. उस्ताने लोखंडी आधाराच्या खालच्या खिट्ट्या सोडवल्या. टीव्ही आकड्यांवरून सुटला तसे वाएलचे गुडघे किंचित वाकले. हमालांनी पाठ उचलली आणि जिन्याने नेली.

खोली उघडी पडली. वाएल वळला, पुन्हा वळला. टेकवायला काहीच उरले नव्हते.

"खाली ठेवू नकोस," उस्ता म्हणाला. "पाय लावलेले नाहीत त्याला. उघड्या फरशीवर कड टेकली की काच गेलीच म्हणून समज."

वाएलची मान ताठरली. कपाळावरचा घाम पडद्यावर ओघळला. हमालांना परत बोलवा, तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. उस्ताच्या हातात लाकडी हातोडा होता. दोघांत अंतर होते एका पावलाचे. एक हलका धक्का पुरला असता. उस्ताने त्याच्याकडे पोटभर पाहून घेतले.

मग त्याने हातोडा पिशवीत टाकला. खिशातून यादी आणि पेन काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तो बाल्कनीत गेला, कठड्यावरून वाकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"नजला, वर ये पोरी. त्याचे दोन्ही हात गुंतलेत."