चष्म्यातलं स्वयंपाकघर

"चष्मा घट्ट होतोय का गं?" लेकीनं विचारलं.

"घोड्याला झापडं बांधतात तसं वाटतंय," आई म्हणाली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तरी जिभेची धार काही निवृत्त झाली नव्हती.

लेक आभासी जगातली चित्रं करायची. चष्मा चढवला की माणूस थेट चित्राच्या आत. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि तिनं त्यांच्या जुन्या, विकलेल्या घराचं स्वयंपाकघर उभं केलं होतं. स्टुडिओत खरं टेबल आणि खऱ्या खुर्च्या होत्या, चित्रात जिथे होत्या तिथेच मांडलेल्या. डोळ्यांना दिसलं ते हाताला लागलं नाही, तर सगळा खेळ फसतो. पद्धतही ठरलेली: आधी चष्म्यात अंधार, पाहणारा स्थिरावला की बटण दाबून घर उघडायचं.

"दादाही आहे आत," लेक जपून म्हणाली. "चित्रातला. हात लावलास तर लागेलही. रबराचा पुतळा केलाय, आतून गरम."

आईचे ओठ घट्ट मिटले. वडील गेले तेव्हा थोरला कामाचं निमित्त सांगून आला नव्हता. "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही," असं तिनं त्याला फोनवर सुनावलं होतं. त्यानं नाक घासून माफी मागितली, पण ही बाई शब्दाची पक्की. इतकी वर्षं दार उघडलं नव्हतं.

"चित्रातला चालेल," ती शेवटी म्हणाली.

पुतळाबितळा काही नव्हता. मागच्या दाराशी खरा दादाच अनवाणी उभा होता, मनगटांना हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधून. तो हलला की चित्रातला दादा हलणार. बोलायचं मात्र नाही. आईला पत्ता लागला असता, तर तिनं लेकीलाही दार बंद केलं असतं.

आई टेबलापाशी बसली. लेकीनं खूण केली. दादा दबकत आला आणि समोर टेकला. खुर्ची करकरली.

"दिसतंय का?" लेकीनं घाईघाईनं विचारलं.

आईनं खुर्चीच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाली, "दिसतंय. लख्ख."

लेकीचा जीव भांड्यात पडला.

"बाई गं, केवढं हुबेहूब! खिडकीतली उन्हाची तिरीप, ओट्यावर माझं पातेलं. आणि किटली पडून फरशीचा उडालेला टवका!"

लेक थक्क झाली. टवका तर तिनं काढलाच नव्हता! माणूस चित्रात पुरता बुडाला की राहिलेलं स्वतःच रंगवतो, असं तिनं ऐकलं होतं. आज डोळ्यांसमोर घडत होतं.

आईचा हात टेबलावरून पुढे सरकला, दादाच्या बोटांवर थांबला. मग मनगट, खांदा, गाल.

"वाळलास रे," ती म्हणाली. "वेळेवर जेवतोस की नाही? मी रागावले, पण एक दिवस तुझ्या आठवणीवाचून गेला नाही, राजा."

दादाच्या डोळ्यांतून धार लागली. आईचा अंगठा त्याच्या ओल्या गालावरून फिरत राहिला. संपलं, आता पकडले गेलो, असं लेकीला वाटलं.

"चित्र रडतंसुद्धा," आई पुटपुटली. "कमाल आहे बाई तुझी."

दादा आला तसा निघून गेला. थोड्या वेळानं आईनं चष्मा काढला, डोळे टिपले, पर्स उचलली. "उद्या येईन पुन्हा," म्हणाली.

लेक हवेत तरंगतच संगणक बंद करायला वळली आणि जागीच थिजली. पडद्यावर बटण लुकलुकत होतं. खूण करण्याच्या गडबडीत ते दाबायचंच राहून गेलं होतं.

"आई, अगं, मी घर उघडलंच नव्हतं! चष्म्यात नुसता अंधार होता!"

आई दाराशी चपला घालत होती.

"उद्याही अंधारच ठेव," ती म्हणाली.