चेलांची ओरड

"दोन तऱ्हा असतात रे गाढवा! कणसावर आले की चेलांची एक ओरड, साप दिसला की दुसरी. शेंबड्या पोरालापण कळतं ते!" निकानोरनं मक्याचं ताट कमरेतून कडकन मोडलं. कणीस उलटं लटकलं.

एलियो पुढच्या ओळीत होता. त्यानं मान वर केली नाही. मका वाळला की ताटं अशी मोडायचीच, नाहीतर कणसात पाणी शिरतं आणि त्यातून वाचलेलं हे निळे चेल पक्षी फस्त करतात. दरवर्षी बा मोडायचा. कालच बा गेल्याच्या आठव्या दिवसाची प्रार्थना झाली.

"मला वाटलं, कणसं खायला आलेत," एलियो म्हणाला.

"म्हणून बेचकी मारलीस."

"सगळेच मारतात!"

"ते उडाले. गप्प झाले. आणि बा त्याच वाटेनं आला." निकानोरचा आवाज चिरकला. "चारनाक्या साप तिथंच पडला होता, बाला डसला. ते सांगत होते रे, बोंबलून सांगत होते!"

एलियोनं हातातलं ताट मुळासकट उपटून फेकलं.

"एक दगड मारला मी, एक! आणि तुला ओळखता येते ना ती ओरड? तुला खांद्यावर बसवून रान दाखवलं बानं. मला कधी दाखवलं? शाळा सोडून आलो, तर चार महिने बोलला नाही माझ्याशी. आणि तू? सहा वर्षं झाली, कानकुनच्या हॉटेलात गोऱ्यांच्या चादरी बदलतोयस. मोठा आला शिकवणारा!"

निकानोरनं हात उगारला.

तेवढ्यात बांधापलीकडच्या झुडपात एकच कालवा उठला. दहाबारा चेल. काळी डोकी, निळ्या पाठी. सगळे खाली बघत फांदीवर नाचत होते. त्यात पिवळ्या चोचींची दोन-तीन पोरं होती, तीही थोरांच्या जोडीनं घसा फोडत होती.

एलियोचा हात बेचकीकडे गेला आणि तसाच थांबला. झुडपाखालूनच घरची वाट येत होती. आई दुपारची पेज घेऊन त्याच वाटेनं येते.

"दादा," त्याचा आवाज एकदम लहान झाला. "कुठली ही?"

निकानोरनं हात खाली घेतला. डोळे मिटले. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो ऐकत राहिला. चेल ओरडत होते.

"सांग ना!"

"थांब जरा."

"साप आहे का?"

निकानोरनं डोळे उघडले. ते भरले होते.

"नाही येत रे ओळखू आता."

एलियोनं कोयता उचलला.

"आई निघाली असेल," तो म्हणाला. "मला जायला हवं."